कहि इल्ल

"कहि इल्ल."

रात्री दीडचा सुमार, हाताला सलाइनची सुई, डोळे मिटलेले, अशा अवस्थेत आत्या एवढंच पुटपुटल्या. किंवा "काही इल्ल" म्हणाल्या असतील. श्रावण गेला, गणपती गेले, दिवाळीत पोरांनी केलेला किल्लासुद्धा मोडून झाला, पण त्या शब्दात काना होता की नव्हता हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. त्यांचं माहेर बैलहोंगलकडचं. घरात मराठी, पण शाळा कानडी, गल्ली कानडी, मैत्रिणी कानडी. लग्न होऊन बेळगावात, वडगावातल्या या घरात आल्या त्याला साठ वर्षं होत आली, तरी नोटा मोजायच्या तर 'ओंदु, येरडु, मूरु', आणि ताप चढला की बडबडही कानडीतच. कानडीत कहि म्हणजे कडू. मी कानाशी वाकून विचारलं होतं, "आत्या, दुपारचा दुधी कडू लागला काय?" त्यावर 'कहि इल्ल' म्हणजे 'कडू नव्हता'. आणि 'काही इल्ल' म्हणजे अर्धं मराठी अर्धं कानडी, इथे आम्ही सगळेच बोलतो तसलं, 'काही नाही गे'. पहिलं असेल तर ते उत्तर होतं. दुसरं असेल तर ते नेहमीचंच, कारण माझ्या सव्वीस वर्षांच्या संसारात या बाईने स्वतःच्या दुखण्याबद्दल 'काही नाही' याखेरीज दुसरं काही सांगितलेलं मला आठवत नाही.

झालं होतं ते असं. श्रावणी सोमवार, माझा उपास. हे कामासाठी निपाणीला गेलेले. साखरेच्या गोळ्या सुरू झाल्यापासून आत्यांचे उपास बंद, म्हणून त्यांच्यापुरती दुधीची भाजी केली, हरभऱ्याची डाळ घालून. दुधी परड्यातल्या वेलाचा. सकाळीच काढलेला, देठाला अजून चीक, अंगावर बारीक लव. बाहेर झड लागलेली, पलीकडच्या घरातल्या मागाची खटखट पावसात मिसळून येत होती, आणि मी फोनवर बहिणीशी बोलत बोलत फोडी केल्या. चाखल्या नाहीत. उपास होता ना. आत्यांनी वाटीभर भाजी एका भाकरीबरोबर खाल्ली, ताट धुऊन ठेवलं, लवंडल्या. चार वाजता पहिली उलटी झाली. "पित्त असंल," म्हणाल्या. रात्री दहाला त्यांना उभं राहता येईना तेव्हा शेजारच्या पोराने रिक्षा आणली. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, तोंड गंभीर केलं आणि काय खाल्लं ते विचारलं. मी म्हटलं, दुधी. त्यांनी पेन थांबवलं. "कडू होता का?"

मला माहीत नव्हतं. स्वयंपाक मी केला होता, आणि मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आत्या घरी आल्या, बऱ्या झाल्या. आल्या आल्या मी फ्रिजमधला उरलेला अर्धा दुधी काढला, नखाएवढा तुकडा जिभेच्या टोकाला लावला आणि मोरीकडे धावले. कारल्याचा कडूपणा तोंडात येतो आणि जातो. हा घशात उतरून बसला, चूळ भरली, गूळ खाल्ला, तरी संध्याकाळपर्यंत तिथेच. आणि आत्यांनी याची वाटीभर भाजी खाल्ली होती, एक शब्द न बोलता. म्हणजे एकतर त्यांची जीभ गेली आहे आणि आम्हाला कुणाला पत्ता नाही. किंवा जीभ शाबूत आहे, आणि सुनेने उपासाच्या दिवशी आपल्या एकटीसाठी चूल पेटवली, कशाला बोलायचं, म्हणून त्या गिळत राहिल्या. कुठलं जास्त वाईट, याचा हिशेब मला लागत नाही.

गंमत अशी की चाखून बघण्याचा या घरातला मक्ता आत्यांचाच. मी नवी आले तेव्हा मला ते विचित्र वाटायचं. दुधी असो, काकडी असो, दोडका असो, देठाकडची चकती उडवायची, कच्चीच दाताखाली धरायची, क्षणभर डोळे बारीक करायचे, मग "घे, चिर" असा हुकूम. काकडीचं डोकं कापून ते कापल्या जागी गोलगोल घासायचं, पांढरा फेस आला की 'कडू निघालं' म्हणायचं. माझ्या माहेरीही हेच. मी बी.एस्सी. झालेली, वनस्पतिशास्त्र घेऊन, त्यामुळे मनातल्या मनात हसायची. अर्धं हसणं बरोबर होतं. घासल्याने कडूपणा निघत नाही, पण तो देठाकडे आणि सालीखाली जास्त असतो हे खरं, त्यामुळे डोकं उडवण्यात शहाणपण होतंच आणि चाखण्यात तर होतंच होतं. परीक्षेत मी कुकर्बिटेसी, म्हणजे काकडी-भोपळ्याच्या कुळाची लक्षणं घडाघडा लिहून गुण मिळवले होते. कुकर्बिटासिन, म्हणजे त्यांच्यातलं कडू द्रव्य, हा शब्दही त्यात होता. त्याचा अर्थ आत्यांच्या दातांना ठाऊक होता, आणि उत्तरपत्रिका लिहिणाऱ्या माझ्या हाताने न चाखता फोडी केल्या.

कुकर्बिटासिन हे या कुळाचं जुनं हत्यार. साडेनऊशेहून जास्त जाती आहेत या कुळात, आणि रानातले त्यांचे पूर्वज बहुतेक कडूच. किडीने, जनावराने तोंड लावू नये म्हणून. माणसाने पिढ्यानपिढ्या कमी कडू फळाचं बी राखून ठेवलं आणि आजची काकडी, आजचा दुधी घडवला. चीनमधल्या संशोधकांनी 2014 साली काकडीतला हा कडूपणा घडवणारी जनुकं शोधून काढली. पानातला कडूपणा चालू करणारं बटण वेगळं, फळातलं वेगळं, आणि आपण माणसाळवताना फक्त फळातलं बंद केलं. पण वेलाला पाण्याचा ताण पडला, ऊन तापलं, की ते बटण कधीकधी पुन्हा चालू होतं. दुधीचंही असंच बिनसतं, आणि त्यातला कडूपणा शिजवूनही जात नाही. 2010 साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचाच दुधीचा रस पिऊन मृत्यू झाला, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीचा सल्ला काय, तर रस काढण्याआधी छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर फेकून द्या. उतारा नाही यावर, फक्त सलाइन आणि वाट बघणं. त्या अहवालाबद्दल वाचताना मला देठाकडची चकती दाताखाली धरून डोळे बारीक केलेल्या आत्या दिसत होत्या.

आमचा वेल कडू का झाला? पाण्याचा ताण म्हणावा तर बेळगावचा श्रावण, परड्यात घोट्याएवढं पाणी. माझा संशय तात्यांवर आहे. तात्या म्हणजे आमच्या मागचे शेजारी, माळकरी, दरवर्षी पंढरीची वारी करणारे. गेल्या वर्षी त्यांनी वीणेसाठी म्हणून गोल भोपळ्याचं बी कुठूनसं आणून कुंपणाला लावलं होतं. वाद्याचा भोपळा कडूच लागतो, त्याला कीड शिवत नाही, हे त्यांना मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कुणीतरी सांगितलेलं. ते खरंच आहे. मिरजेत दीडशेहून जास्त वर्षं तंबोरे घडतात, 2024 मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, आणि त्यांचे भोपळे येतात पंढरपूरकडच्या शेतांतून. दुधी आणि तंबोऱ्याचा भोपळा एकाच जातीचे, सख्खे. दोघांचंही फूल पांढरं, संध्याकाळी उमलणारं, रात्रीच्या पतंगांसाठी. तेव्हा गेल्या वर्षी एखादा पतंग तात्यांच्या कुंपणावरून उठून आमच्या दुधीवर बसला असणार. त्या वर्षीच्या फळाला त्याने काही होत नाही, फळ आईचंच असतं. बदलतं ते आतलं बी. गेल्या वर्षीच्या जून दुधीचं बी मीच खताच्या खड्ड्यात टाकलं होतं, आणि यंदा आपोआप आलेल्या रोपाला आत्यांनीच मोठ्या कौतुकाने मांडव घातला होता. तात्यांना मी हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते वीणा घ्यायचे नाहीत खांद्यावर.

सुळेभावी इथून पंधरा-वीस किलोमीटर. कुमार गंधर्वांचा जन्म तिथला, 1924 चा. त्यांच्या तंबोऱ्यांच्या सुरेलपणाबद्दल जाणकार अजून हळवे होऊन बोलतात. परवा रेडिओवर त्यांचं गाणं लागलं होतं. गाणं सुरू व्हायच्या आधी तंबोऱ्यांचा तो भरून येणारा आवाज ऐकताना एरवी मी डोळे मिटते. या वेळी घशात तो कडूपणा परत आल्यासारखा वाटला आणि मी उठून कुकर लावला.

आत्या घरी आल्यावर पंधरा दिवस त्यांना एकटं सोडायचं नाही असं ठरलं होतं. पाऊस उघडला की आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसायचो, समोर तो वेल. हे उपटून टाकणार होते. आत्यांनी हात धरला, "ऱ्हाऊ दे की, त्यानं काय केलंय." त्या पंधरा दिवसांत मी शिकलेलं वनस्पतिशास्त्र पहिल्यांदा नीट बघितलं असं म्हणायला हरकत नाही. मांडवाच्या एका अंगाला दोडका होता, एका अंगाला घोसाळं. दोघांचीही फुलं पिवळी, बहिणीबहिणी, पण घोसाळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दोडक्याचं दिवस कलताना. आत्या घड्याळाकडे न बघता सांगायच्या, "दोडकं फुललं, चहा टाक." मग तासाभराने दुधीची पांढरी फुलं, अंधारात कुणी रुमाल वाळत घातल्यासारखी. आणि तणावे. वेलाचा तणावा हवेत चाचपडत असतो, काठी सापडली की टोकाला दोन-तीन वेढे घालतो, आणि मग मधला भाग स्प्रिंगसारखा आवळतो. पण आता दोन्ही टोकं बांधलेली, एकाच दिशेने पीळ घालत राहिला तर तुटेल. म्हणून अर्ध्यापर्यंत उजवीकडे पीळ, मध्ये बोटाच्या पेराएवढी सरळ जागा, आणि तिथून पुढे उलटा, डावीकडे. वारा आला की दोन्ही पीळ थोडे सैल होतात, वेल झुलतो, तुटत नाही. डार्विन आजारपणात खोलीतल्या कुंडीत याच कुळातला एक वेल ठेवून त्याचे तणावे तासन्‌तास बघायचा. 1865 साली त्याने चढणाऱ्या वेलींवर मोठा निबंधच प्रसिद्ध केला. मी आत्यांना ती मधली सरळ जागा दाखवली. त्यांनी चष्मा लावून बघितली. "साठ वर्षं बघालोय, हे दिसलंच न्हाई," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हितं उलटं फिरायचं हे त्याला कोण सांगतंय गे?" याचं उत्तर मी दिलं, थोडं ताण-पीळ वगैरे सांगून. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

'वेलाला सीमा कळत नाही' असलं एखादं वाक्य इथे टाकायचा मोह इकडच्या कुठल्याही लिहिणाऱ्याला होईल. मी टाकणार नाही. वेलाला कुंपण चांगलं कळतं, चढायला तेच तर लागतं.

भाजीवाल्यांना मात्र दोन्ही बाजू लागतात. गणपत गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या एका अव्वाकडून मी वर्षानुवर्षं भाजी घेते. तिच्या टोपलीतलं तोंडलं म्हणजे तोंडेकाय, पडवळ म्हणजे पडवलकाय, तिथपर्यंत भाषांतराची गरजच नाही. दोडक्याला हिरेकाय आणि दुधीला सोरेकाय म्हणताना वाट वेगळी होते, पण दोडक्याच्या शिरांची चटणी दोन्ही घरांत तशीच, कारळं घालून. दवाखान्याच्या प्रकारानंतर मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले आणि दुधी हातात घेऊन नखाने टोचत उभी राहिले तेव्हा ती हसून म्हणाली, "कहि इल्ल री, तगोरी." कडू नाही हो, घ्या. माझ्याबरोबर पुण्याहून आलेली भाची होती. ती म्हणाली, "मामी, त्या काही नाही म्हणतायत, मग टोपलीत आहे ते काय?" अव्वा, मी, शेजारचा कोथिंबीरवाला, सगळे हसलो. मी जरा जास्तच वेळ हसले.

या अव्वानेच मागे एक म्हण शिकवली होती. 'कुंबळकाई कळ्ळ' म्हटलं की त्याने खांदा चाचपून बघितला. कोहळा चोरणारा चोर, अशी नुसती हाळी दिली आणि खऱ्या चोराचा हात आपसूक स्वतःच्या खांद्याकडे गेला. आपल्याकडे चोराच्या मनात चांदणं असतं, त्यांच्याकडे खांद्यावर राख. कोहळ्याच्या सालीवर पांढरी मेणचट भुकटी असते, कानडीत म्हणूनच त्याला बूदगुंबळ, राखेचा भोपळा म्हणतात. पिकलेल्या फळाला ती जपते, वर्षवर्ष आढ्याला टांगून ठेवलं तरी कोहळा नासत नाही. चोराने तो खांद्यावरून नेला असेल तर पुरावा तिथेच. खंडेनवमीला गाड्यांपुढे कोहळे फुटतात आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर दुचाक्या घसरतात, तेव्हा मला हटकून ही म्हण आठवते. यंदा जरा वेगळ्या कारणाने आठवली. कुणी दुधीचं नाव काढलं की माझाही हात कुठेतरी जातो.

भोपळ्याने मला एकदा वाचवलंही आहे, हे न सांगणं अन्यायाचं होईल. माझं माहेर येळ्ळूर. आण्णांनी मला आणि भावाला विहिरीत पोहायला शिकवलं ते पाठीला वाळका भोपळा बांधून. हलका, पोकळ, आत बिया खुळखुळणारा. पाण्यात पडलं की क्षणभर हिरवा अंधार, नाकात शेवाळाचा वास, आणि मग पाठीतून कुणीतरी वर ओढल्यासारखं. पुढे डबे आले, ट्यूब आल्या, पण त्या भोपळ्याचा वर उचलणारा हात पाठीला अजून आठवतो. कॉलेजात कळलं की हा मूळचा आफ्रिकेतला, आणि अमेरिकेत मात्र दहा हजार वर्षांपूर्वीच पोचलेला. कसा, यावर खूप वाद झाले. 1950 च्या दशकात कुणी भोपळे सात महिन्यांहून जास्त काळ खाऱ्या पाण्यात तरंगत ठेवून बघितले, आतलं बी तरीही रुजलं. 2014 साली डीएनए तपासून दाखवलं गेलं की तो आफ्रिकेतून अटलांटिक समुद्रावर तरंगतच गेला असावा. येळ्ळूरच्या विहिरीत मला धरून ठेवणं त्याला काय अवघड. आणि उलट दिशेने, लाल भोपळा अमेरिकेचा. घारग्यांचा, ऋषिपंचमीच्या भाजीचा, आपल्या आजीच्या आजीचा वाटणारा लाल भोपळा पोर्तुगीजांच्या मागेपुढे कधीतरी इकडे आला. लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन परतणारी ती गोष्टीतली म्हातारी चित्रात नेहमी लाल भोपळ्यात बसवलेली असते. माझं मत विचाराल तर ती वाळक्या पांढऱ्या भोपळ्यात होती. लाल भोपळा गच्च मांसल, तो कसला टुणुक टुणुक करतोय.

आत्यांना हे सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या. त्यांच्या माहेरी विहीर नव्हती, नदीही लांब. त्यांना पोहता येत नाही. "मला भोपळा बांधलास तर मी पण जाईन की अमेरिकेला," म्हणाल्या. चांगला दिवस होता तो. तेवढ्यात मला वाटलं, आता विचारावं, सरळ. त्या दिवशी कडू लागलं होतं की नाही? विचारलं नाही. 'काही नाही' म्हणाल्या असत्या.

वेल आता वाळला आहे. शेवटचा एक दुधी आत्यांनी काढू दिला नाही, तो मांडवावरच जून होऊन पिवळा आणि मग तपकिरी झाला. तात्या रोज कुंपणावरून त्याच्याकडे बघतात. त्याचा आकार वीणेच्या कामाचा नाही, पण एकतारी होईल म्हणतात. मी कबूल केलंय द्यायला, बी सोडून.

काल बाजारातून काकड्या आणल्या. हल्ली मी आधी चाखते. पहिल्या काकडीची देठाकडची चकती जिभेवर ठेवली आणि तोच तो, घशात उतरणारा. शेजारी आत्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी सवयीने हात पुढे केला, तळवा वर, चकतीसाठी. मी चकती तोंडातून काढलेली, दुसरी कापलेली विळीच्या पात्याशी पडलेली. ती उचलून त्या तळव्यावर ठेवली असती तर तीन महिन्यांचा प्रश्न एका क्षणात सुटला असता. त्यांच्या चेहऱ्यावरचा एकही स्नायू मला अनोळखी नाही. हात तसाच पुढे होता, बोटांना शेंगांची माती.

"कडू हाय काय गे?"

"काही इल्ल," मी म्हटलं, ती चकती सालींच्या बादलीत टाकली, आणि दुसरी काकडी घेतली.